सुई खरे बोलते की खोटे?
कूलंटचा लाल दिवा, टेंपरेचरचा काटा आणि गॅरेजवाल्याची पत

'गाडी गरम होते' ही तक्रार गॅरेजच्या धंद्याइतकीच जुनी आहे. पूर्वी बॉनेटमधून वाफ निघाली की गिऱ्हाईक गाडी ढकलत आणत असे. आता वाफ निघण्याआधीच डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो किंवा सुई वर चढते आणि घाबरलेले गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात उभे राहते. ही सोय चांगलीच आहे. पण त्यामुळे कारागिरासमोर एक नवा प्रश्न उभा राहिला. इंजिन खरोखर तापले आहे, की फक्त दिवा तसे म्हणतो आहे?

आपल्या बाजारात या प्रश्नाला धनी नाही, ही खरी अडचण आहे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जा किंवा पुण्याच्या नाना पेठेत जा, रेडिएटरवाल्याचे दुकान वेगळे, वायरमनचे वेगळे आणि इंजिन मिस्त्रीचे वेगळे. तिघेही आपापल्या कामात वाकबगार. पण कूलंटचा दिवा तिघांच्या मधोमध पडतो. रेडिएटरवाला म्हणतो, जाळी चोक आहे, रॉडिंग करा. वायरमन म्हणतो, सेन्सर गेला. मिस्त्री म्हणतो, हेड गॅस्केट उडाले, हेड उतरवावे लागेल. गिऱ्हाईक तिन्ही बिले भरते आणि दिवा तसाच लागतो. मग ते गिऱ्हाईक पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकत नाही.

याहून वाईट गोष्ट उलट बाजूची आहे. 'सेन्सरचा प्रॉब्लेम आहे, चालू द्या' असे सांगून गाडी रवाना करावी, आणि घाटात इंजिन पकडावे. ज्याची गाडी कर्जाच्या हप्त्यावर भाड्याने चालते, त्याच्या घरची चूलच त्यामुळे बंद पडते. सेन्सरची किंमत शेकड्यांत असते. वाकलेल्या हेडचे आणि पकडलेल्या पिस्टनचे काम हजारांत जाते. म्हणून हा दोष अंदाजाने नव्हे, क्रमाने शोधला पाहिजे. तो क्रम येथे देत आहोत.

निरोप तीन, दिवा एक

डॅशबोर्ड आपल्याला तीन वेगवेगळे निरोप देतो आणि गिऱ्हाईक तिन्हींना 'कूलंटची लाइट' असेच म्हणते.

पहिला निरोप पातळीचा. डब्यातले कूलंट कमी झाले, एवढेच तो सांगतो. इंजिन त्या वेळी थंडगार असू शकते.

दुसरा निरोप तापमानाचा. पाणी ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापले, असे तो सांगतो. यासाठी कोठे सुई असते, कोठे नुसता लाल दिवा.

तिसरा निरोप निळ्या किंवा हिरवट दिव्याचा. बऱ्याच नव्या गाड्यांत सुई काढून टाकली आहे. सकाळी गाडी सुरू केली की निळा दिवा लागतो आणि इंजिन गरम झाले की विझतो. हा दोष नाही. मात्र तो अर्धा तास चालवूनही विझत नसेल, तर इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

काही गाड्यांत पहिल्या दोन निरोपांना एकच दिवा असतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच मॉडेलांत पातळी कमी झाली तरी तोच लाल दिवा लुकलुकतो आणि पाणी जास्त तापले तरी तोच. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या पोलो गाड्या आजही आपल्या रस्त्यांवर भरपूर आहेत. अशी गाडी आली की दिवा कशासाठी लागला, हे आधी ठरवा. मग पान्याला हात घाला.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. नव्या गाड्यांतली सुई पूर्वीसारखी सरळ बोलत नाही. गिऱ्हाईकाने उगाच घाबरू नये म्हणून अनेक कंपन्या ती मध्यभागी रोखून धरतात. पाणी ८० अंश असो की १०० अंश, सुई मधेच उभी. ती मधून हलली, म्हणजे पाणी बरेच पुढे गेलेले असते. म्हणून 'थोडीशीच वर गेली होती' हे वाक्य नव्या गाडीच्या बाबतीत हलके घेऊ नये.

आधी चौकशी, मग हत्यार

चांगला हकीम नाडी धरण्याआधी विचारपूस करतो. बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरला एवढे विचारून घ्या आणि उत्तरे जॉब कार्डावर लिहा.

दिवा थंड इंजिनवर लागतो की गरम झाल्यावर? ट्रॅफिकमध्ये लागतो की हायवेवर? एसी चालू असतानाच लागतो का? चढावर किंवा जोराचा ब्रेक मारल्यावर क्षणभर लागून विझतो का? हेडलाइट लावल्यावर सुई हलते का? वरचेवर पाणी टाकावे लागते का, आणि किती दिवसांनी? अलीकडे रेडिएटर, वॉटर बॉडी किंवा गॅस किटचे काम झाले आहे का?

यातल्या प्रत्येक उत्तराने दोषाची जागा निम्म्याने लहान होते. वळणावर किंवा ब्रेकवर क्षणभर लागणारा दिवा बहुधा पातळीचा असतो. डब्यातले कूलंट किमान खुणेजवळ आहे आणि गाडी कलली की हिंदकळते. हेडलाइट लावल्यावर हलणारी सुई पाण्याबद्दल काहीच सांगत नसते. ती अर्थिंगची तक्रार करते. ट्रॅफिकमध्ये तापणारी आणि हायवेवर शांत राहणारी गाडी हवेच्या अडचणीची आहे: फॅन, रिले, फ्यूज किंवा बाहेरून चिखलाने बुजलेली जाळी. हायवेवर आणि घाटात तापणारी, पण गावात ठीक चालणारी गाडी पाण्याच्या अडचणीची आहे: आतून चोक झालेला रेडिएटर, झिजलेली वॉटर बॉडी, आवळून बसणारा खालचा होजपाइप किंवा कमजोर झालेले हेड गॅस्केट.

एक सक्त ताकीद

गरम इंजिनचे झाकण उघडू नका. शागीर्दालाही उघडू देऊ नका. बंद यंत्रणेत पाणी १०० अंशांना उकळत नाही. झाकणावर ०.९ असा आकडा असेल, तर तेवढ्या दाबाखाली साधे पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण फिरवले की दाब एकदम सुटतो, पाणी त्याच क्षणी उसळून उकळते आणि वाफेसह तोंडावर येते. इंजिन किमान अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. वरचा होजपाइप हाताने दाबून पाहा. तो टणक लागला, तर अजून दाब आहे असे समजा.

तापलेल्या इंजिनवर किंवा रेडिएटरमध्ये एकदम थंड पाणी ओतणे हेही तितकेच चूक. अॅल्युमिनियमचे हेड त्याने वाकते किंवा तडकते. आणि फॅन इलेक्ट्रिक असेल, तर चावी बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो. जवळ हात घालण्याआधी त्याचा प्लग काढा.

पहिली पायरी: खरे तापमान मोजा

सुई खोटे बोलते की खरे, हे ठरवायला दुसरा साक्षीदार हवा. तो दोन तऱ्हांनी मिळतो.

पहिला म्हणजे लेसरच्या ठिपक्याचा थर्मामीटर. तो थर्मोस्टॅटच्या घराजवळ धरा. मात्र चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचे, बहुधा कमी तापमान दाखवते. त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा.

दुसरा साक्षीदार स्कॅनर. त्यात कूलंटचे तापमान अंशांत दिसते. याची एक सोपी परीक्षा सकाळची आहे. गाडी रात्रभर उभी असेल, तर चावी लावून इंजिन सुरू न करता स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहा. दोन्ही जवळजवळ सारखे पाहिजेत. हवा २६ अंश आणि कूलंट ६० अंश असे दिसले, तर इंजिन न उतरवता दोष सापडला: सेन्सर किंवा त्याची वायर खोटे बोलते आहे.

थर्मामीटर ९० दाखवतो आणि सुई लाल पट्ट्यात आहे, तर दोष विजेचा. दोन्ही वर आहेत, तर दोष खरा. एवढा एक निकाल लागला की गाडी वायरमनकडे न्यायची की रेडिएटरवाल्याकडे, हा वाद मिटतो.

पातळीचा दिवा लागला असेल तर

इंजिन थंड असताना डब्यावरच्या किमान आणि कमाल खुणा पाहा. पातळी खरोखर कमी असेल, तर फक्त भरून देऊ नका. बंद यंत्रणेतले कूलंट उडून जात नाही. ते कोठून तरी बाहेर जाते.

बाहेरची गळती शोधण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. होजपाइपच्या क्लिपा, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि जाळी यांचा सांधा, वॉटर बॉडीच्या खालचे बारीक भोक, इंजिन ब्लॉकचे पत्र्याचे प्लग, आणि डॅशबोर्डमागचा हीटर. डाव्या पायाखालची मॅट ओली आणि चिकट असेल, काचेवर आतून तेलकट धुके येत असेल, गाडीत गोडसर वास येत असेल, तर हीटरची जाळी गळते.

हातपंपाचा प्रेशर टेस्टर हे हत्यार येथे पैसे वसूल करून देते. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी तो बसवा, झाकणावर लिहिला आहे तेवढाच दाब द्या आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. काटा खाली आला आणि बाहेर थेंब दिसला नाही, तर गळती आत आहे. झाकणसुद्धा त्याच टेस्टरवर तपासा. झाकणाची स्प्रिंग थकली की दाब धरला जात नाही, पाणी लवकर उकळते आणि बाहेर फेकले जाते. सर्वांत स्वस्त सुटा भाग, पण त्याच्यापायी महागडी कामे निघतात.

आतली गळती म्हणजे बहुधा हेड गॅस्केट. सायलेन्सरमधून गरम इंजिनवरही न थांबणारा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ लोणी, डब्यात सतत येणारे बुडबुडे, थंड इंजिन सुरू करताच टणक होणारा होजपाइप, ही त्याची लक्षणे. तरीही लक्षणांवर हेड उतरवू नका. कूलंटमध्ये जळालेला वायू आहे का, हे दाखवणारे निळे केमिकल बाजारात मिळते. डब्याच्या तोंडावरची हवा त्यातून ओढल्यावर पेट्रोल गाडीत निळ्याचे पिवळे झाले, तर गॅस्केटचा निकाल लागला. गिऱ्हाईकासमोर ही परीक्षा घेतली, तर पुढच्या बिलाबद्दल तो एक शब्द बोलत नाही.

पातळी बरोबर आहे आणि दिवा तरी लागतो, तर डब्याचा सेन्सर पाहा. तो दोन प्रकारचा असतो. एका प्रकारात तरंगता लोहचुंबक आणि खाली बारीक स्विच असतो. तरंगता भाग गाळात अडकला की दिवा लागून राहतो. मल्टिमीटर लावून पातळी खाली-वर करा. स्विच बदलत नसेल, तर डबा धुवा किंवा बदला. कोणत्या गाडीत पातळी कमी झाल्यावर स्विच जुळतो आणि कोणत्या गाडीत सुटतो, हे सारखे नसते. म्हणून दोन तारा जोडून किंवा तोडून 'दिवा विझला, काम झाले' असे करू नका. त्याने दोष जात नाही, फक्त इशारा मरतो.

दुसऱ्या प्रकारात डब्यात दोन धातूच्या काड्या असतात. कूलंटमधून त्यांच्यामध्ये थोडी वीज वाहते आणि त्यावरून गाडीला पातळी कळते. फोक्सवॅगन, स्कोडात ही पद्धत आहे. काड्यांवर क्षार किंवा तेलकट थर बसला की डबा भरलेला असूनही दिवा लुकलुकतो. नुसते डिस्टिल्ड पाणी भरले, तरी असे होऊ शकते, कारण शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही. डबा काढून धुवा, प्लगच्या पिना साफ करा आणि योग्य मिश्रण भरा.

सुई थंडच राहते

याची तीन कारणे. पहिले, सेन्सरची तार तुटली. दुसरे, थर्मोस्टॅट उघडा अडकला. तिसरे आपल्याच हाताने केलेले: थर्मोस्टॅट काढून टाकला.

'आपल्याकडे गरमी असते, थर्मोस्टॅटची गरज नाही' असे अनेक उस्ताद शागीर्दांना शिकवत आले. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ते खपून जात असे. आताच्या गाडीचा कॉम्प्युटर पाणी गरम होण्याची वाट पाहतो. तोवर तो पेट्रोल जास्त सोडतो. अॅव्हरेज पडते, ऑइल खराब होते, सिलिंडर झिजतात आणि स्कॅनरवर पी ०१२८ हा कोड येतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने गाडी अधिक तापते. तेथे थर्मोस्टॅटची दुसरी तबकडी बायपासचा रस्ता बंद करते. ती नसली की गरम पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते.

चौथी गोष्ट सर्वांत धोक्याची. पाणी इतके कमी झाले की सेन्सर कोरडाच पडला, तर सुई वर न जाता खाली येते. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. सुई आधी चढली आणि मग अचानक थंडावर आली, तर 'बरे झाले, उतरली' असे समजून गाडी पुढे नेऊ नये. तेथेच बाजूला घेऊन बंद करावी.

सेन्सरची परीक्षा

तापमानाचा सेन्सर म्हणजे पाणी तापले की ज्याचा ओहम कमी होतो, असा एक खडा. बहुतेक जपानी पद्धतीच्या गाड्यांत कॉम्प्युटरच्या सेन्सरचा आकडा २० अंशांना सव्वादोन ते पावणेतीन हजार ओहमच्या आत आणि ८० अंशांना सुमारे ३०० ते ३५० ओहम असतो. एका भांड्यात पाणी तापवा, थर्मामीटर आणि सेन्सरचे टोक बुडवा आणि मल्टिमीटरवर पाहा. आकडा धक्के न देता, सरळ उतरत गेला पाहिजे. मधेच उडी मारली, तर सेन्सर बाद. कंपनीचा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहून खात्री करा.

जुन्या एकतारी सेन्सरची परीक्षा वेगळी. चावी लावून तार काढली, तर सुई थंडावर गेली पाहिजे. तीच तार १२ व्होल्ट ३.४ वॅटच्या लहान बल्बमधून बॉडीला लावली, तर सुई गरमकडे चढली पाहिजे. तसे झाले, तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरचा. तार सरळ बॉडीला चिकटवून ठेवू नका, मीटर जळेल. अशा सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांतून मिळते. गळती नको म्हणून आट्यांवर भरपूर पांढरी टेप गुंडाळली, तर अर्थिंग तुटते आणि सुई कमी दाखवते.

कॉम्प्युटरच्या दोन तारी सेन्सरला बल्ब लावू नका. तेथे स्कॅनर चालू ठेवून प्लग काढा. तापमान उणे ४० च्या आसपास दिसले पाहिजे. मग प्लगच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा. आकडा एकदम खूप वर गेला पाहिजे. दोन्ही झाले, तर वायर आणि कॉम्प्युटर ठीक आहेत, सेन्सर बदला. झाले नाही, तर सेन्सर बदलून उपयोग नाही, वायर शोधा. पी ०११८ कोड बहुधा तुटलेल्या तारेचा, पी ०११७ कोड बॉडीला शॉर्ट झालेल्या तारेचा असतो. वायर तुटली की बऱ्याच गाड्या सावधगिरी म्हणून फॅन सतत चालू ठेवतात. ते पाहून फॅनचा रिले बदलणारे पुष्कळ आहेत.

टेंपरेचर आणि पेट्रोल या दोन्ही सुया एकाच वेळी चुकीच्या चालत असतील, तर दोन्ही सेन्सर एकदम गेले असे मानू नका. दोघांना जोडणारी गोष्ट पाहा: मीटरचा फ्यूज, मीटरची अर्थिंग किंवा जुन्या गाड्यांत मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर.

अर्थिंग मोजायची रीत सोपी आहे. इंजिन चालू, हेडलाइट आणि फॅन चालू. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरी इंजिन ब्लॉकला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंगची पट्टी काढून घासा आणि पुन्हा आवळा. पावसाळ्यानंतर, विशेषतः कोकणपट्टीच्या गाड्यांत, हा दोष वरचेवर निघतो.

दोष खरा असेल तर

थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात तपासा. दोरीने लटकवा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा ठोकलेला असतो. त्या तापमानाला तो उघडू लागला पाहिजे आणि पुढे साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, सुमारे १३५० मीटर उंचीवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. म्हणून उकळी पाहून नव्हे, थर्मामीटर पाहून निकाल द्या.

रेडिएटरवर लेसर थर्मामीटर फिरवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तापमान हळूहळू उतरले पाहिजे. मधेच थंड पट्टा लागला, तर तेथल्या नळ्या बुजल्या आहेत. वरचा पाइप कढत आणि खालचा गार असेल, तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा पाणी फिरत नाही.

काम झाल्यावर हवा काढायला विसरू नका. गाडीचे तोंड थोडे उंच करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि फॅन दोनदा फिरून थांबेपर्यंत इंजिन चालवा. मग थंड करून पातळी पुन्हा पाहा. नव्या कामानंतर सुई खाली-वर नाचणे हे बहुतेक वेळा एअर लॉकचे लक्षण असते.

सीएनजीच्या गाड्यांसाठी एक खास सूचना. गॅसचा रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचे गरम पाणी फिरवलेले असते. किट बसवताना घातलेले टी-जोड आणि बारीक पाइप हे गळतीचे आणि एअर लॉकचे घर. रिड्यूसरवर दव किंवा बर्फ दिसला, तर तेथे गरम पाणी पोचत नाही. गॅसचे ट्यूनिंग करण्याआधी कूलंटची पातळी पाहा.

पाण्याचा हिशेब

मराठवाड्यात आणि अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. 'आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला' हा समज सोडून द्यावा. कूलंटचे आपल्याकडचे काम गंज रोखणे आणि उकळी लांबवणे हे आहे. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण सर्वसाधारणपणे चालते. तयार मिसळलेले कूलंट असेल, तर त्यात आणखी पाणी घालू नका. हिरवे, लाल, गुलाबी असा रंग पाहून माल निवडू नका. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार पाहा आणि दोन प्रकार मिसळू नका.

कूलंट विषारी असते आणि चवीला गोड. उघड्या बादलीत ठेवलेले कूलंट लहान मुले, मांजरे, कुत्री पिऊ शकतात. ते गटारात सोडू नका, झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि जुने ऑइल नेणाऱ्या परवानाधारकाला विचारून त्याची वाट लावा.

शोधण्याचीही मजुरी असते

आपल्याकडे गिऱ्हाईक सुट्या भागाचे पैसे देते, शोधण्याचे देत नाही. म्हणून कारागीर भाग बदलूनच कमाई करतो आणि तेथून अंदाजाचे काम सुरू होते. ही सवय मोडता येते. तपासणीची मजुरी आधी सांगा आणि ती बिलात वेगळ्या ओळीत लिहा. काम तुमच्याकडेच झाले, तर त्यातली काही रक्कम वजा करा. मोजलेले आकडे जॉब कार्डावर लिहा: थंड असताना पातळी, दाब किती मिनिटे टिकला, स्कॅनरचे तापमान, थर्मामीटरचे तापमान, अर्थिंगचे व्होल्ट. बदललेला जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात द्या.

मल्टिमीटर, लेसर थर्मामीटर, प्रेशर टेस्टर आणि साधा स्कॅनर एवढी चार हत्यारे या कामाला पुरतात. एकट्याला जड जात असेल, तर शेजारच्या तीन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून प्रेशर टेस्टर आणि स्कॅनर घ्यावा. रेडिएटरवाला, वायरमन आणि मिस्त्री यांनी एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवताना हे लिहिलेले कार्डही सोबत पाठवावे. पहिल्याने मोजलेले दुसऱ्याला पुन्हा मोजावे लागणार नाही, आणि गिऱ्हाईकाला तीन तोंडांनी तीन गोष्टी ऐकाव्या लागणार नाहीत.

शागीर्दाला शिकवतानाही हाच क्रम शिकवा: आधी विचारणे, मग मोजणे, मग उघडणे. कान आणि बोट यांचे कसब आपल्या जुन्या उस्तादांकडे होते, आणि ते आजही लागते. पण आजच्या गाडीत वीज आणि पाणी एकमेकांत गुंतले आहेत. तेथे बोटाला मीटरची साथ हवी. 'तुमचे हेड ठीक आहे, फक्त अर्थिंगची पट्टी गंजली होती' असे सांगून जो कारागीर मोठे बिल हातचे सोडतो, त्याच्याकडे ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपल्या भावाची गाडीही घेऊन येते.